एकाच कामाचे यंत्र

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील तरुण कामगार व लघुउद्योजकांच्या सत्रात केलेले भाषण)



भाषण करणे हा माझा धंदा नाही. माझा धंदा यंत्रे बनविण्याचा. चिटणीसांनी पत्र पाठविले तेव्हा मी त्यांना कळविले होते की, मला बोलता येत नाही, हवे तर एखादे यंत्र आणून दाखवितो. ते म्हणाले, ‘यंत्र सभागृहाच्या दारातून आत येणार नाही, तुम्हीच या.’ म्हणून आलो आहे.

माझ्या धंद्याला कारखान्यात ‘एसपीएम’ म्हणतात. स्पेशल पर्पज मशीन, म्हणजे एका विशिष्ट कामासाठीच बनविलेले यंत्र. लेथवर आज बोल्ट करा, उद्या पुली करा, परवा शाफ्ट करा. लेथ कशालाच नाही म्हणत नाही. आमचे यंत्र तसे नसते. ते एकच पार्ट ओळखते आणि त्या पार्टवर ठरलेले तेवढेच काम करते. दुकानात असे यंत्र तयार मिळत नाही. ज्याला हवे असेल तो आपला पार्ट घेऊन आमच्याकडे येतो, टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, ‘हा असा पाहिजे, दिवसाला एवढे पाहिजेत.’ तेथून आमचे काम सुरू होते.

माझे वडील १९७२ च्या दुष्काळानंतर, १९७३ साली मराठवाड्यातून चिंचवडला आले. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडलेले हात, येथे फाउंड्रीत वाळू चाळू लागले. मी आयटीआयला टर्नरचा कोर्स केला, मग एका कारखान्याच्या टूलरूममध्ये दहा वर्षे काढली आणि १९९१ साली भोसरीत भाड्याचा गाळा घेतला. एक जुना लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल आणि एक भागीदार. भागीदार दोन वर्षांत गेला, रेडियल ड्रिल अजून आहे.

बायोडेटा पुरे. मला आज प्रामुख्याने एका यंत्राविषयी बोलावयाचे आहे. ते मी १९९४ साली केले. त्या यंत्राने मला धंदा शिकविला, आणि त्याच यंत्राचे एक ओझे अजून माझ्या डोक्यावर आहे.

एका कारखान्याला (नाव सांगत नाही, कारण सांगण्यासारखे सगळेच चांगले नाही) एक ओतीव लोखंडाचा ब्रॅकेट लागत असे. त्यात एक भोक पाडायचे, भोकाच्या तोंडाला चॅम्फर मारायचा आणि आत आटे पाडायचे. तीन कामे, तीन ड्रिल मशीन, तीन माणसे. प्रत्येक माणूस पार्ट उचलतो, बसवितो, आवळतो, काम झाले की सोडवितो आणि पुढच्याच्या पेटीत टाकतो.

मी घड्याळ घेऊन तेथे उभा राहिलो. पार्ट बसविणे-काढणे यात १० सेकंद जात. ड्रिलला १४ सेकंद, चॅम्फरला ५, टॅपिंगला ९. म्हणजे ड्रिलवाल्याचे एकूण २४, चॅम्फरवाल्याचे १५ आणि टॅपवाल्याचे १९ सेकंद. आता पाळी आठ तासांची, म्हणजे ४८० मिनिटे. जेवणाची ३० आणि चहाची दोन वेळची मिळून २० मिनिटे वजा करा, राहिली ४३०. म्हणजे २५,८०० सेकंद. मालकाला पाळीला १,२०० नग हवे होते. भागाकार केला तर एका नगाला साडेएकवीस सेकंद मिळतात. पण यंत्र कधी बंद पडते, ड्रिल बोथट होते, माणूस पाणी प्यायला जातो. म्हणून शंभरातले ८५ च धरावेत. मग हाती राहतात सव्वाअठरा सेकंद. चॅम्फर त्यात बसत होता. टॅपिंग थोडक्यात हुकत होते. ड्रिल मात्र बसतच नव्हते. ९०० च्या थोडे वर गेले की पाळी संपत असे. उरलेले तीनशेच्या आसपास नग ओव्हरटाइममध्ये, नाहीतर दुसऱ्या दिवशी.

तरुण मित्रहो, हा हिशेब मी मुद्दाम सविस्तर सांगितला. आमच्या धंद्यात यंत्र नंतर येते, हा भागाकार आधी येतो. पुष्कळ लोक आधी कॉम्प्युटरवर सुंदर चित्र काढतात आणि मग नग मोजतात. मालकाला नेमके किती हवेत हे कळल्याशिवाय पेन्सिलला हात लावू नये.

मी त्यांना गोल फिरणारे टेबल सुचविले. जेवणाच्या पंगतीत वाढपी फिरतो आणि माणसे बसलेली असतात, येथे उलटे. वाढपी जागेवर उभे आणि पंगतच फिरते. टेबलावर चार जागा. पहिल्या जागी माणूस तयार नग काढून नवा बसवितो, दुसऱ्या जागी ड्रिल, तिसऱ्या जागी चॅम्फर, चौथ्या जागी टॅप. चारही ठिकाणी एकाच वेळी काम चालते. मग टेबल पाव फेरा फिरते, त्याला २ सेकंद लागतात. येथे वेळांची बेरीज होत नाही. सगळ्यात संथ जागेला जेवढा वेळ, तेवढाच यंत्राचा वेळ. ड्रिलचे १४ आणि फिरण्याचे २, झाले १६ सेकंद. सव्वाअठरामध्ये आरामात बसले. ड्रिलला सरकविण्यासाठी हवेचा सिलिंडर लावला आणि त्याच्या जोडीला तेलाचा रोधक दिला. नुसती हवा दाबली जाते व एकदम फुटते. ड्रिल भोकातून आरपार निघताना झटका बसतो आणि ते मोडते. तेल दबत नाही, म्हणून ते हवेला लगाम घालते. हे मी टूलरूममध्ये दहा-बारा ड्रिले मोडून शिकलो होतो.

मालक म्हणाला, ‘१२ सेकंदांवर आणता येईल का?’ येत होते. ड्रिलचे काम दोन जागांत अर्धे अर्धे वाटले की तेथे ७ सेकंद झाले असते. मग सगळ्यात संथ कोण? बसविणारा माणूस, १० सेकंदांचा. म्हणजे बारा सेकंदांत दहा सेकंद हात चालू, आणि दोन सेकंद टेबल फिरताना नुसते थांबायचे. दिवसभर. मी नाही म्हटले. १६ सेकंदांत माणसाला सहा सेकंद मिळतात. तेवढ्यात तो नग फिरवून बघतो, घाम पुसतो. ज्या यंत्रावर माणसाला नग बघायला वेळ नाही, त्या यंत्रावरचा खराब माल गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन सापडतो. मालकाला हे दुसरे कारण पटले. पहिले मी सांगितलेच नाही.

यंत्र तयार झाले. आमच्या गाळ्यात ट्रायल घेतली, दोनशे नग काढले, एकही वाईट निघाला नाही. नारळ फोडला, टेम्पोत चढविले, त्यांच्या कारखान्यात बसविले. आणि पहिल्या पाळीत अकरा ड्रिले मोडली.

तीन दिवस मी तेथे होतो. ड्रिल बदलले, वेग कमी केला, तेलाचा रोधक उघडून बघितला. त्यांचा इंजिनिअर माझ्यामागे उभा राहून फोनवर कोणाला तरी सांगत होता की, लोकल पार्टीला काम दिले की असेच होते. ‘लोकल पार्टी’ या शब्दाचा अर्थ मला कळत होता, तुम्हालाही कळेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी कास्टिंगच्या पेट्यांजवळ बसलेल्या एका मावशी म्हणाल्या, ‘दादा, तुम्ही माल तसाच लावताय व्हय? घासल्याबिगर?’

त्या मावशी ठेकेदाराकडच्या. चार वर्षे त्यांचे काम म्हणजे पेटीतून कास्टिंग काढून ड्रिलवाल्याजवळ देणे. पण देण्याआधी त्या प्रत्येक नगावर कानस दोनदा फिरवीत. साचा दोन अर्ध्यांचा असतो. ते अर्धे जेथे मिळतात तेथे ओतीव मालावर एक बारीक कड उभी राहते. ती कड राहिली की नग डुगडुगतो. त्या कानस मारीत होत्या म्हणून जुन्या ड्रिलवर काम नीट चालत होते. त्यांना हे करा असे कोणी सांगितले नव्हते. प्रोसेस शीटवर लिहिलेले नव्हते. इंजिनिअरला माहीत नव्हते. मी घड्याळ घेऊन तीन माणसांचे सेकंद मोजले, पण चौथे माणूस माझ्या नजरेत आले नाही. कारण त्या खाली बसल्या होत्या. आणि माझ्या ट्रायलसाठी जे दोनशे नग पाठविले होते, तेही त्यांच्याच हातातून घासून आलेले होते.

मी गाळ्यावर परत गेलो आणि फिक्श्चर पुन्हा केले. त्यातले तत्त्व साधे आहे, ते सांगतो. कोणतीही वस्तू जागेवर पक्की बसवायची तर तिला सहा ठिकाणी टेकू लागतो: खालून तीन, बाजूने दोन, टोकाला एक. खालून तीनच का? चार पायांचे टेबल खडबडीत जमिनीवर डुलते. तीन दगडांची चूल कधी डुलत नाही. मी हुशारी करून खालून पूर्ण सपाट पट्टी दिली होती आणि नेमकी कडेची रेघ त्या पट्टीवर येत होती. पट्टी काढली, तीन छोट्या कडक केलेल्या खुंट्या बसविल्या आणि त्या रेघेपासून दूर, जेथे कास्टिंग कायम स्वच्छ निघते तेथे. या जागा कोणी दाखविल्या? मावशींनी. बोट ठेवून. ‘हितं कधी कड येत न्हाई, हितं येती.’

त्यानंतर ते यंत्र चालले ते चाललेच. तरीही बिलातले शेवटचे २० टक्के त्या कारखान्याने ‘सुरुवातीच्या नुकसानीपोटी’ सव्वा वर्ष अडविले. त्या वर्षी मी पत्नीचे दागिने पतपेढीत ठेवले. पण ती गोष्ट या धंद्यात सगळ्यांचीच आहे, तिचे काही विशेष नाही.

विशेष पुढे आहे. यंत्राला आता घासलेला माल लागत नव्हता. तीन ड्रिलवाल्यांपैकी एक यंत्रावर राहिला. दोघे कायम होते, त्यांना दुसऱ्या खात्यात घेतले. मावशी ठेक्यावरच्या. त्यांना पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून येऊ नका म्हणून सांगितले. त्यांच्याच बोटाने दाखविलेल्या तीन जागांवर मी खुंट्या बसविल्या आणि त्या खुंट्यांमुळे त्यांचे काम संपले. हे मला दोन महिन्यांनी, बिलाच्या मागे गेलो तेव्हा कळले. मी त्यांचा पत्ता काढून गेलो. आमच्या गाळ्यात या म्हटले. त्या म्हणाल्या, दोन बस बदलाव्या लागतात, पगार भाड्यातच जाईल. आता एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते. चहा दिला. रागावल्या नाहीत. जाताना एवढेच विचारले, ‘मशीन आता चांगलं चालतं ना?’

मी होय म्हटले. दुसरे काय म्हणणार?

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न काही मला पहिल्यांदा पडलेला नाही. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथ येथे त्यांच्या आरमाराची गोदी आहे. त्या काळी जहाजे शिडाची. एका मोठ्या युद्धनौकेला सुमारे हजार लाकडी कप्प्या लागत. त्या हाताने होत. १८०२ ते १८०८ या काळात तेथे मार्क ब्रुनेल नावाच्या जन्माने फ्रेंच इंजिनिअरने कप्प्या करण्यासाठी यंत्रांची मालिका आखली. एक यंत्र लाकूड कापणार, दुसरे भोक पाडणार, तिसरे खाच करणार, चौथे आकार देणार. प्रत्येक यंत्र एकच काम करणारे. अशी ४५ यंत्रे. १८०८ साली त्यांनी १,३०,००० कप्प्या तयार केल्या. आणि पूर्वी जेथे ११० कुशल कारागीर लागत, तेथे शिकाऊ म्हणावेत अशी १० माणसे पुरू लागली. आमच्या धंद्याचा इतिहास सांगणारी सगळी पुस्तके येथून सुरू होतात. ‘११० च्या जागी १०’ हे वाक्य त्यांत अभिमानाने छापलेले असते. उरलेल्या शंभर कारागिरांचे पुढे काय झाले, याची ओळ मला अजून कोठे वाचायला मिळालेली नाही.

ती यंत्रे प्रत्यक्ष बनविली हेन्री मॉड्स्ले याने. हा माणूस मला जवळचा वाटतो. बाराव्या वर्षी तो शस्त्रागारात काडतुसे भरायच्या कामाला लागला होता. पुढे ब्रामा नावाच्या कुलूपवाल्याकडे गेला. ब्रामाचे कुलूप उत्तम, पण हाताने करायला इतके किचकट की पुरेसे निघतच नसे. मॉड्स्लेने ते कुलूप करणारी यंत्रे बनविली आणि मालकाचा धंदा उभा केला. मग त्याने पगारवाढ मागितली. आठवड्याला तीस शिलिंग मिळत होते. मालकाने नाही म्हटले आणि १७९७ साली त्याने नोकरी सोडून स्वतःचे दुकान काढले. भोसरीत अर्धे गाळे असेच निघाले आहेत!

आता दुसऱ्या एका गोष्टीकडे येतो. आमच्या वस्तीतला एक मुलगा १९९७ साली एका छोट्या प्रेस शॉपमध्ये होता. पॉवर प्रेसवर पत्र्याचे वॉशर काढायचे. डाय खाली, पंच वर. पत्रा हाताने आत ठेवायचा आणि प्रेस चालवायची. एका रात्रपाळीत उजव्या हाताची दोन बोटे गेली. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात शरीराच्या भागांचा तक्ता होता. एका हाताची दोन बोटे म्हणजे कमाईच्या क्षमतेत २० टक्के घट, असे त्यात लिहिलेले होते. मुलगा १९ वर्षांचा. त्याने मला विचारले, ‘काका, वीसच टक्के?’

त्या प्रेसला दोन हातांची बटणे होती. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय प्रेस खाली येणार नाही, म्हणजे हात आत राहूच शकत नाही, अशी ती योजना. पण एक बटण सायकलच्या ट्यूबने बांधून ठेवलेले होते. कोणी बांधले? मुलांनीच. का? नगावर पैसे होते आणि दोन बटणांनी वेळ जात होता. १९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्राच्या धोक्याच्या भागाला कुंपण सक्तीचे केले होते, पण ट्यूब कायद्याला दिसत नाही.

यावर आम्ही काय केले ते सांगतो, कारण हे तुमच्यापैकी कोणीही करू शकेल. पहिले म्हणजे सर्किट बदलले. दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली गेली तरच प्रेस चालेल, आणि प्रत्येक फटक्यानंतर दोन्ही सोडली तरच पुढचा फटका मिळेल. एक बटण बांधून ठेवले की प्रेस कायमची गप्प. पण तेवढ्याने भागत नाही. उद्या कोणी आणखी काही युक्ती काढील. म्हणून दुसरे केले ते महत्त्वाचे. डायच्या पुढे एक सरकता खण बसविला. कपाटाचा खण असतो तसा. पत्रा बाहेर, खणात ठेवायचा, खण आत ढकलायचा, फटका, खण बाहेर. तयार माल हवेच्या फवाऱ्याने मागे पेटीत. हात आत जाण्याचे कारणच उरले नाही. आणि खण भरणे सोपे असल्याने नग कमी झाले नाहीत, वाढले. मालकाला सुरक्षिततेसाठी पैसे खर्च करा म्हटले की तो पुढच्या महिन्यात बघू म्हणतो. नग वाढतात म्हटले की चेक लिहितो. मी दोन्ही एकाच यंत्रात घालतो आणि बिलावर दुसरेच लिहितो. हा दुटप्पीपणा असेल तर असो.

चुका टाळणारी साधने जपानमध्ये फार विचारपूर्वक केली गेली. शिगेओ शिंगो नावाचे एक तज्ज्ञ होते. १९६१ साली ते यामाडा इलेक्ट्रिक या कारखान्यात गेले. तेथे एक छोटा स्विच जुळवीत. त्याला दोन बटणे, प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग. कधी कधी कामगार स्प्रिंग बसवायला विसरत. साहेब लोक दर वेळी ‘लक्ष देऊन काम करा’ असे बजावीत. चार दिवस फरक पडे, पुन्हा तेच. शिंगोंनी एक छोटी बशी दिली. काम सुरू करण्याआधी दोन स्प्रिंगा मोजून बशीत काढायच्या. स्विच जुळला आणि बशीत स्प्रिंग शिल्लक दिसली, की चूक तेथेच कळली. बशीची किंमत किती? आमच्याकडे चहाची बशी फुटल्यावर आपण तिचा हिशेबही ठेवत नाही.

अशा साधनांना आधी जपानीत ‘बाका-योके’ म्हणत, म्हणजे मूर्खपणा टाळणारे. १९६३ साली मोटारींची बॉडी करणाऱ्या अराकावा या कारखान्यात एका विभागप्रमुखाने हा शब्द कामगारांसमोर वापरला. तेथील एक कामगार बाई रडू लागली. मी एवढी मूर्ख होते का, असा तिचा प्रश्न होता. हे ऐकल्यावर शिंगोंनी शब्द बदलला. ‘पोका-योके’ केला, म्हणजे नजरचूक टाळणारे. आज जगभर कारखान्यांच्या भिंतींवर तो शब्द लिहिलेला असतो. तो कोणाच्या डोळ्यांतल्या पाण्याने बदलला, हे भिंतीवर नसते. आपल्याकडे मात्र अजूनही काही इंजिनिअर ‘फूलप्रूफ करा’ असेच म्हणतात. माझ्या गाळ्यात तो शब्द मी चालू देत नाही. शेवटी ‘फूल’ म्हणजे कोण? मीच कधीतरी त्या जागेवर उभा होतो.

आता आजच्या काळाबद्दल थोडे. मुले मला विचारतात, काका, आता व्हीएमसी आली, प्रोग्राम बदलला की तीच मशीन वेगळा पार्ट काढते, मग तुमची एका कामाची यंत्रे कोण घेणार? प्रश्न योग्य आहे. थोडे नग, वेगवेगळे पार्ट, तेथे व्हीएमसीच घ्यावी. मी स्वतः दोन गिऱ्हाइकांना तसे सांगून ऑर्डर घालविली आहे. पण दिवसाला हजारो नग, वर्षानुवर्षे तोच पार्ट, आणि एकेक सेकंद महाग, तेथे अजून आमची गरज लागते. जुन्या यंत्रांत रिलेचे मोठे पॅनेल असे. क्रम बदलायचा तर सगळी वायर पुन्हा ओढा. १९६९ साली अमेरिकेत मोडिकॉनचा पहिला पीएलसी आला आणि हळूहळू ती कटकट संपली. आमच्याकडे तो बराच उशिरा पोचला, पण पोचला. आता क्रम बदलणे हे अर्ध्या तासाचे काम आहे.

खरी भीती वेगळीकडून आहे. विजेवरच्या गाड्या आल्या. त्यांच्यात व्हॉल्व्ह नाही, पिस्टन नाही, कॅमशाफ्ट नाही. आमच्या भागातील कित्येक गाळ्यांची सगळी यंत्रे याच पार्टांसाठी केलेली आहेत. पार्ट गेला की एका कामाचे यंत्र म्हणजे भंगार, किलोने विकायचे. म्हणून मी गेली काही वर्षे यंत्र तुकड्यांनी करतो. पाया वेगळा, फिरते टेबल वेगळे, ड्रिलचे डोके वेगळे, फक्त फिक्श्चर त्या पार्टचे. पार्ट बदलला की फिक्श्चर बदला, बाकी वापरा. एका गिऱ्हाइकाचे २००९ सालचे टेबल आज तिसऱ्या पार्टवर चालू आहे. हे करायला सुरुवातीला खर्च थोडा जास्त येतो आणि तो समजावून सांगायला तोंड झिजते.

आणि मावशींचे काय, असे तुमच्यापैकी कोणाच्या मनात असेल. त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. १९९४ नंतर मी दोन गोष्टी सुरू केल्या. ट्रायलसाठी माल मी कधी पाठवून घेत नाही. स्वतः जातो, पेटीत हात घालतो आणि जो येईल तो नग उचलतो. आणि कोटेशनच्या शेवटी एक ओळ लिहितो: या जागी सध्या किती माणसे काम करतात आणि यंत्र आल्यावर ती कोठे जातील, हे कळवावे. बरेचजण ती ओळ खोडून ऑर्डर देतात. काहीजण हसतात. एका वयस्क कारखानदाराने मात्र तेथेच समोर बसून दोघींची नावे लिहिली आणि पुढे ‘तपासणी विभाग’ असे लिहून सही केली. तो कागद मी जपून ठेवला आहे. खोडलेले कागदही ठेवले आहेत. ते जास्त आहेत.

ऑर्डर नाकारली का, असे विचाराल तर नाही. माझ्या गाळ्यात चौदा माणसे आहेत, महिन्याच्या सात तारखेला त्यांना पगार लागतो.

वेळ संपत आली, चिटणीस घड्याळाकडे बघत आहेत. शेवटी एक व्यवहाराचे सांगतो. येथे आयटीआय झालेली, होत असलेली मुले-मुली पुष्कळ दिसतात. ज्यांना या कामात रस आहे त्यांनी कोणत्याही शनिवारी दुपारनंतर गाळ्यावर यावे. शनिवारी आमची ट्रायल असते. चिटणीसांकडे पत्ता आहे. येताना बायोडेटा आणू नका. तुमच्या कारखान्यातला एखादा रिजेक्ट झालेला पार्ट, सुपरवायझरला विचारून, खिशात घालून आणा. आणि तो पार्ट रोज जो हाताळतो, त्याला आधी विचारून या की हा का बिघडतो. चहा गाळ्यावर मिळेल.